कापशाचा डावा डोळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमचा ससा कापशा सात वर्षांचा झालाय, त्याचा डावा डोळा ऑक्टोबरात चिकटला, जानेवारीत चिकटला आणि आता जूनमध्ये पुन्हा चिकटलाय. औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब घातले की चार दिवसांत बरं वाटतं. असं असताना सशांच्या डोळ्यांवरच्या माझ्या लेखात दातांचे एक्स-रे, अश्रूंची नळी धुणं, भूल असलं काहीबाही लिहून मी म्हाताऱ्या सशांच्या घरच्यांना उगाच घोर लावतोय. गोव्यात पावसाळ्यात माणसांचेही डोळे येतात, सशाचे आले तर नवल काय, आणि हळदीच्या पाण्याने किंवा गुलाबपाण्याने पुसलं तर बिघडतं कुठे, असंही तुम्ही विचारलंय.

भूल देण्याबद्दलची तुमची भीती अगदी रास्त आहे, तिच्याकडे येतोच. पण बाकीच्या बाबतीत मी लेखातल्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि कारण तुमच्याच मजकुरात आहे. तिन्ही वेळा डावाच डोळा. शिवाय जानेवारीत कुठला पाऊस? साथीने डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही येतात आणि आठ-दहा दिवसांत निघून जातात. वयस्क सशाचा एकच डोळा वर्षभर पुन्हा पुन्हा वाहत असेल, तर आधी अश्रुनलिकेवर संशय घ्यायचा आणि लगेच त्यामागे दातांवर.

सशाच्या प्रत्येक डोळ्याला अश्रू वाहून जायला एकच छिद्र असतं. आपल्याला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पापण्यांत असतं, सशाला फक्त खालच्या पापणीच्या आत, नाकाकडच्या कोपऱ्याजवळ, काठापासून तीन-चार मिलिमीटर खाली. तिथून निघालेली नळी हाडातून वळणं घेत नाकात उतरते. वाटेत ती वरच्या दाढांच्या मुळांना आणि पुढे समोरच्या दातांच्या मुळांना अगदी खेटून जाते, आणि तिथे तिची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर राहते. सशाचे सगळे 28 दात जन्मभर वाढतात. चावून झिजले नाहीत तर ते तोंडात वाढतातच, पण त्यांची मुळंही उलट दिशेला, म्हणजे वरच्या जबड्यात डोळ्याच्या बाजूला सरकतात. मूळ नळीवर दाबलं गेलं की अश्रू तुंबतात, तुंबलेल्या अश्रूंत जंतू वाढतात आणि पू होतो. सशाचा पू पातळ होऊन वाहून जात नाही, तो खव्यासारखा घट्ट होतो आणि नळीत बूच बसतं.

आता तुमच्या थेंबांचं कोडं सुटतं. डोळ्याच्या वरवरचे जंतू ते मारतात, म्हणून लाली आणि चिकटा चार दिवसांत कमी होतो. बंद नळीत आत बसलेल्या पुवापर्यंत औषध पोचतच नाही. थेंब थांबले की तो पुन्हा वर येतो, आणि दर खेपेला त्या औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरत जातात.

घरी तीन गोष्टी पाहा. स्राव पाण्यासारखा आहे की पांढरा, दुधाळ आणि दाट? पांढरा असेल, नाकाकडच्या कोपऱ्यात साठत असेल आणि बाकी डोळा फारसा लाल नसेल, तर नळीचाच संशय घ्या. मग पुढच्या पायांची आतली बाजू बघा. ससा त्याच पायांनी तोंड पुसतो, त्यामुळे तिथले केस चिकटून राठ झाले असतील, तर तुम्हाला डोळा स्वच्छ दिसतो त्या दिवसांतही तो वाहत असतो. तिसरं, खाणं. गवत तोंडात घेऊन टाकून देणं, कडक सोडून मऊ तेवढंच खाणं, हनुवटी ओली राहणं, लेंड्या लहान होणं, ही सगळी दाढांची लक्षणं. पुढचे दात सरळ दिसतात म्हणून दाढा चांगल्या, असं मात्र समजू नका, दाढा उपकरणाशिवाय दिसत नाहीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. दोन किलोच्या सशाचं शंभर ग्रॅम वजन घटणं ही मोठी गोष्ट आहे, आणि केसांमुळे ते हाताला कळत नाही.

त्या बाटलीवरचं बारीक अक्षर आजच वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एकही नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. माणसांसाठी सहज मिळणाऱ्या किती तरी थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि लाली झटक्यात उतरते ती बरेचदा त्यामुळेच. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने तो भरत नाही, खोल जातो, आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ओरखडा नुसत्या नजरेला दिसत नाही. डॉक्टर फ्लुओरेसिन या रंगाची केशरी पट्टी लावून निळ्या प्रकाशात बघतात, जखम असेल तिथे हिरवं चमकतं. याच रंगाने दुसरंही कळतं: नळी मोकळी असेल तर काही मिनिटांत तो त्याच बाजूच्या नाकपुडीत उतरतो. साधी तपासणी आहे, पण प्रत्येक वेळी करून घ्यावी अशी.

मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप घरात असेल, तर ते कापशाच्या तोंडात कधीही घालू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावू शकतो.

हळदीचं म्हणाल, तर गाळून घेतलं तरी त्यात बारीक कण राहतात आणि ते आधीच सुजलेल्या डोळ्यात घासतात. बाजारच्या गुलाबपाण्यात सुगंधी द्रव्यं असू शकतात. दोन्ही निर्जंतुक नाहीत. पुसायला साधं सलाईन पुरे. दुकानात ते छोट्या प्लास्टिकच्या अँप्युलमध्येही मिळतं, एक फोडायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. मोठी बाटली घेतली तर उघडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं. अडीअडचणीला 300 मिली पाणी उकळून त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा, कोमट झाल्यावर वापरा आणि संध्याकाळी ओतून टाका.

टेबलावर रबरी चटई किंवा ओला करून पिळलेला पंचा अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. ससा टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, मागचे पाय पोटाखाली नीट घेतलेले. मागचे पाय मोकळे राहिले तर झटका देऊन तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. वयस्क सशाच्या कमरेत बरेचदा संधिवात असतो, म्हणून कंबर दाबून धरू नका, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवून धरा. उताणा तर मुळीच करू नका. तसा तो गप्प पडतो, पण ते भीतीने.

कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात जातात. गॉजची घडी कोमट सलाईनमध्ये भिजवून बंद डोळ्यावर दोन मिनिटं नुसती ठेवा. खपली आपोआप सुटते. सुकी ओढून काढली तर केसांबरोबर कातडी येते, कारण सशाची कातडी फार पातळ असते. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर एकदाच पुसा, पुढच्या वेळी नवी घडी. शेवटी गालावरचे केस कोरड्या गॉजने टिपून पूर्ण सुकवा. ही शेवटची पायरी बहुतेक जण सोडतात, आणि आपल्या दमट हवेत नेमकं तेच महागात पडतं: ओला राहिलेला गाल सोलवटतो, केस झडतात, त्यावर माश्या बसतात आणि अळ्या पडतात. सुकलेल्या कातडीवर, डोळ्यापासून लांब, पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवलात तर स्राव कातडीला झोंबत नाही.

डॉक्टरांनी दिलेले थेंब यानंतरच घाला, पुवावर घातलेलं औषध वाया जातं. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब, जास्त तिथे मावत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी, आणि मलम असेल तर सगळ्यात शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढं. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. महिन्यानंतर ती बाटली टाकायची, औषध उरलं तरी.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नळी धुण्याबद्दल स्पष्ट विचारा. डोळा बधिर करणारे थेंब घालून, सुई काढून टाकलेल्या 24 नंबरच्या सलाईनच्या कॅन्युलाची मऊ नळी त्या एका छिद्रात घालतात आणि कोमट सलाईन हळूहळू सोडतात. शांत ससा टॉवेलमध्ये गुंडाळून हे पुष्कळदा भूल न देता होतं. पांढरा गाळ नाकातून बाहेर आला की वाट मोकळी झाली. जोर लावून ढकललं तर नळी फाटते आणि सलाईन डोळ्यामागे साठून डोळा पुढे येतो, म्हणून पहिल्या बैठकीत नळी उघडली नाही तर डॉक्टरांना घाई करायला लावू नका. काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागणं नेहमीचं आहे. निघालेला पू कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, पाठवायचा आग्रह धरा, कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते त्यातून कळतं.

आता भूल. कवटीचे एक्स-रे वेगवेगळ्या कोनांतून घ्यावे लागतात, आणि दाढा घासायच्या म्हटल्या तर भूल लागतेच. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगी दिल्यावर 48 तासांत दगावणाऱ्या सशांचं प्रमाण 1.39 टक्के निघालं, कुत्र्यांचं 0.17 टक्के. धडधाकट सशांत ते 0.73 टक्के होतं आणि आधीच आजारी असलेल्यांत 7.37 टक्के. तुमची भीती या आकड्यांत आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण हेच आकडे सांगतात की दाढा तपासायच्याच असतील तर कापशा खातोपितो आहे तोवर तपासाव्यात. खाणं सुटून, वजन उतरल्यावर नेलं तर धोका कितीतरी पटींनी वाढलेला असेल. आधी रक्ताची तपासणी करून मूत्रपिंडं बघायला सांगा. आणि कुत्र्यांच्या सवयीने कोणी ‘रात्रभर उपाशी ठेवा’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. सशाला उलटी होत नाही, उपाशी ठेवल्याने त्याचं आतडं मात्र थांबतं.

गोव्यात सशांची सवय असलेले डॉक्टर मोजकेच, त्यामुळे पणजीतल्या टोंक किंवा मडगावजवळच्या सोनसडोच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जा की खाजगीत, आधी फोन करून ससे कोण बघतात आणि कुठल्या वारी असतात ते विचारा. सकाळी लवकर निघा, पिंजऱ्यात नेहमीचं गवत घाला आणि उन्हात गाडी उभी करून आत ठेवू नका.

एवढं करूनही काही वयस्क सशांची नळी उघडतच नाही, आतून कायमची बुजलेली असते. अशा वेळी वर्षानुवर्षं अँटिबायोटिक थेंब घालण्यात मला अर्थ दिसत नाही. रोज दोनदा पुसणं, गाल कोरडा ठेवणं, दुखत असेल तर डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलं वेदनाशामक, आणि अँटिबायोटिक फक्त पू वाढेल तेव्हा. असे ससे आनंदाने जगतात. तुमच्या मते मी लोकांना घाबरवतो, पण नळी उघडणारच नाही या निष्कर्षाला यायच्या आधी एकदा नीट तपासणी व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

खाण्याचं तुम्ही लिहिलंय त्यात पाव आणि बिस्किटं आहेत. ती बंद करा, त्यांनी दाढा झिजत नाहीत. आहारातला मोठा भाग गवताचाच हवा: वाळवलेलं गवत किंवा बाहेरून मागवलेलं टिमोथी, जोडीला ताजी हरळी. भाताचा पेंढा दात झिजवायला चांगला, पोषणाला कमी. पण पावसात उघड्यावर राहिलेल्या उडवीतला घेऊ नका. कुबट वास आला, काळे-करडे ठिपके दिसले, की तो सगळा भारा बाहेर टाका. चांगलं गवत मे महिन्यातच कडक उन्हात तापवून झाकणाच्या पिंपात भरून ठेवावं, आणि घालण्यापूर्वी अंगणात झटकावं म्हणजे धूळ डोळ्यात जात नाही. पावसाळ्यात मुताचे कागद रोज बदला. स्वतः वाकून पिंजऱ्याच्या तळाशी नाक न्या, तुम्हाला उग्र वास आला तर कापशाचे डोळे दिवसभर त्याच वाफेत असतात. चवथीच्या दिवसांत धूप, अगरबत्ती, फटाक्यांचा धूर आणि डासांची कॉइल यांपासून त्याला मागच्या खोलीत हलवा.

डोळा मिटून धरणं, बुबुळ निळसर किंवा धुरकट दिसणं, डोळा पुढे येणं, डोळ्याखाली गाठ लागणं, किंवा बारा तास काही न खाणं, यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा. एरवी या आठवड्यातली वेळ घ्या. कल्चर करायचं असेल तर अँटिबायोटिक थेंब किती दिवस आधी थांबवायचे ते फोनवरच डॉक्टरांना विचारा, आणि आत्ता वापरताय ती बाटली सोबत न्या.