चौथी सीट

मुंबईच्या लोकलमधले बाकडे तीन माणसांसाठी बनवलेले असते, हे रेल्वेला ठाऊक आहे, प्रवाशांना ठाऊक आहे आणि बहुधा बाकड्यालाही ठाऊक असावे. तरीही त्याच्या कडेवर चौथ्याचा हक्क आहे, हा कुठेही न लिहिलेला कायदा संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये सगळे निमूटपणे पाळतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या १४ डब्यांत मिळून सुमारे ४०० पाहुणे होते. आज गर्दीच्या वेळी जवळपास तेवढी मंडळी एकाच डब्यात असतात, त्यामुळे त्या पाहुण्यांविषयी माझ्या मनात आदरापेक्षा असूयाच अधिक आहे.

चौथ्या सीटवर माणूस बसत नाही, टेकतो. देहाचा एक भाग तिसऱ्या प्रवाशाच्या मर्जीवर आणि दुसरा अधांतरी असतो, बाहेरचा पाय जमिनीत रोवून ब्रेकसारखा वापरावा लागतो, आणि मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलली की तो पायही आपली निष्ठा बदलतो. समोर उभ्या असलेल्या गृहस्थांनी पोटावर घेतलेली सॅक नेमकी आपल्या नाकाच्या उंचीवर येते आणि त्यांच्या डब्यात दुपारी कोणती भाजी होती, हे आपल्याला विनासायास कळते. इंग्रजीत अशा अडचणीच्या जागेसाठी ‘इन्कमोडिअस’ असे भारदस्त विशेषण आहे. मात्र ते पूर्ण उच्चारण्यासाठी छाती जेवढी फुगवावी लागते, तेवढी जागा इथे मिळत नाही.

खरा सोहळा ‘जरा सरका’ या विनंतीनंतर सुरू होतो. खिडकीवाला डोळे मिटतो, मधला मोबाइल या हातातून त्या हातात घेतो, तिसरा खांदे आक्रसून एक सुस्कारा सोडतो, आणि आपण पुष्कळ सरकलो याचे समाधान तिघांच्याही चेहऱ्यावर पसरते. जागा होती तेवढीच राहते. (नाराजी दाखवण्याची सोय नसते, कारण तिसऱ्याने मनात आणले तर तो पाय पसरू शकतो.)

एवढे सोसायचे ते बढतीच्या आशेवर. ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला खिडकीवाल्याने ‘ठाणे’ असे उत्तर दिले, की घाटकोपरपासूनच बाकड्यावर वारसाहक्काची कुजबुज सुरू होते. ठाण्याला तो उठतो, सगळे एकेक जागा आत सरकतात आणि मी रीतसर तिसरा होतो. पण तोवर माझ्या जागी एक भरदार काका येऊन टेकलेले असतात, पलीकडचे कोपर बरगडीत रुतलेले असते, आणि चौथा असताना निदान एक बाजू तरी मोकळी होती, हे ध्यानात येते. मग डोंबिवलीपर्यंत मी काकांच्या त्या वाटेत ऐसपैस पसरलेल्या पायाकडे हेव्याने पाहत राहतो.