३४ इंची एव्हरेस्ट

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मी गेली वीस वर्षं सलग जिंकत आलोय. सोफ्यावरून. समोरचा स्पर्धक अडला की मला त्याची कीव येते, आणि त्याने चुकीचं उत्तर दिलं की रागच येतो. "अरे, कॅनबेरा! कॅनबेरा! सिडनी कसली राजधानी? कुठनं धरून आणतात ही माणसं!"

कुठनं धरून आणतात ते मला कळावं अशी सोय बायकोने केली. एका रात्री मी असाच कॅनबेरा-कॅनबेरा करत होतो, तेव्हा तिने शांतपणे माझाच फोन उचलून त्या कार्यक्रमाचा अर्ज भरून टाकला. "आता तिकडे जाऊन ओरडा," म्हणाली, आणि झोपायला गेली.

महिनाभराने बोलावणं आलं. लेखी परीक्षा बरी गेली. अडलो तो तोंडीला, कारण तिथे सामान्यज्ञान विचारतच नाहीत, तुमच्याबद्दल विचारतात. "सर, तुमच्या आयुष्यातला एखादा इंटरेस्टिंग किस्सा?" वही घेऊन बसलेल्या मुलीने विचारलं. मी आठवू लागलो. आपल्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या खोलीत, एसीखाली बसून कळलं. "काही संघर्ष?" तिने आशेने विचारलं. "मोठा आजार? घरून विरोध?" मी म्हटलं, घरून तर अर्जच भरून मिळालाय. तिचा चेहरा इतका पडला की मलाच तिची दया आली. मग सांगून टाकलं की एकदा लिफ्टमध्ये पाऊण तास अडकलो होतो. तिने ते झर्रकन लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा पुढे मला भोवणार होत्या.

निवड झाली. मी माळ्यावरून शाळेतलं सामान्यज्ञानाचं पुस्तक काढलं. रोज रात्री बायको प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायचो. पुस्तकाप्रमाणे ती सगळी बरोबर होती, फक्त जगाप्रमाणे चूक होती. त्या पुस्तकात सोव्हिएत संघ शाबूत होता आणि सूर्याभोवती नऊ ग्रह फिरत होते. लेक डोकावून म्हणाली, "बाबा, हे सामान्यज्ञान नाही, इतिहास आहे." मग नव्याने यादी केली. प्लूटोचं ग्रहपद २००६ मध्ये गेलं. दक्षिण सुदान २०११ मध्ये जन्माला आला. स्वाझिलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं. कझाकस्तानने तर अंत पाहिला. राजधानी अस्ताना, तिचं २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं, आणि ते मी कुठे घोटून घोटून पाठ करतोय तर कळलं, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना! "एकदा काय ते ठरवा म्हणावं," बायको यादीत खाडाखोड करत म्हणाली.

सर्वांत छळलं ते एव्हरेस्टने. आमच्या पिढीच्या हाडामांसात ८,८४८ मीटर मुरलेले. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून नवी उंची जाहीर केली, ८,८४८.८६. हे वरचे ८६ सेंटिमीटर काही केल्या डोक्यात राहीनात. कधी ६८ व्हायचे, कधी ८८. शेवटी बायकोने शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि माझ्यासमोर धरली. "८६ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३४ इंच. लग्नात तुमची कंबर किती होती?"

"३४."

"झालं तर मग. एव्हरेस्टच्या डोक्यावर तुमची लग्नातली पँट. आता विसरून दाखवा."

विसरणं शक्यच नव्हतं. त्या रात्री मला स्वप्नात शिखरावर पँट वाळत घातलेली दिसली.

या उजळणीत एक गोष्ट उशिरा लक्षात आली. प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्नही कळतो आणि उत्तरही. उत्तर देणाऱ्याला फक्त आपण चुकलो एवढं कळतं. तीन आठवड्यांत सगळी यादी बायकोला पाठ झाली. मला निम्मी.

कपड्यांबाबत सूचना आली, तीन जोड आणा. बारीक रेघा नकोत, बारीक चौकड्या नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. पांढराशुभ्र नको, कुठल्या कंपनीचं नाव नको. मी कपाट उघडलं. चौकड्या, चौकड्या, बारीक चौकड्या, आणि एक पांढराशुभ्र. शेवटी मेहुण्याचा मरून शर्ट आणला. मेहुणा माझ्याहून दोन मापं बारीक आहे. उभं राहिलं की शर्ट बरा दिसायचा. बसलं की चौथं बटण माझ्याऐवजी श्वास घ्यायचं.

स्टुडिओकडे जाताना गाडीत मी बायकोला मेजर इंग्रॅमची गोष्ट सांगितली. नुसती गंमत म्हणून. सांगितली नसती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. २००१ साली ब्रिटनमधल्या अशाच एका कार्यक्रमात हा मेजर पर्याय मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि बरोबर पर्याय आला की मागे बसलेला एक जण खोकायचा. मेजर सर्वोच्च बक्षिसापर्यंत पोचला, पण ते हाती पडलंच नाही. २००३ मध्ये कोर्टात मेजर, खोकणारा आणि मेजरची बायको असे तिघंही दोषी ठरले.

"बायकोची काय चूक?" बायकोने विचारलं.

"तीही सामील होती असं कोर्ट म्हणालं."

"हं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या 'हं'वर मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

स्टुडिओत शिरल्याशिरल्या नातेवाईक एका दाराने गेले, आम्ही दुसऱ्या. फोन काढून घेतले. एका बिनखिडकीच्या खोलीत आम्हा चौघा स्पर्धकांना बसवलं, आणि स्वच्छतागृहाला जायचं तरी एक पोरगा सोबत, दारापर्यंत. या पोराचा उगम अमेरिकेत आहे. तिथे १९५०च्या दशकात लाडक्या स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवायचे. चार्ल्स व्हॅन डोरेन नावाच्या देखण्या प्राध्यापकाने १९५९ मध्ये तशी जाहीर कबुली दिली, देश हादरला, कायदा बदलला. त्याचं फळ म्हणून मी नळ सोडून हात धुतोय आणि बाहेर एक पोरगा घड्याळ बघतोय.

मेकअपच्या ताईंनी माझ्या टकलाकडे बघून मोठा ब्रश मागवला. ध्वनीवाल्या दादांनी शर्टात खालून हात घालून माइकची वायर वर ओढली आणि बॅटरीचा डबा कमरेला अडकवला. आधीच तंग असलेल्या शर्टात तो डबा म्हणजे न जन्मलेलं जुळं भावंडच. आणि सेट! टीव्हीवर राजवाडा वाटतो. प्रत्यक्षात आमच्या हॉलच्या चौपट, मागून बघितलं तर कच्चं प्लायवूड, खडूने लिहिलेले नंबर आणि चिकटपट्ट्या. थंडी मात्र खरी. दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून एसी असा काही सोडलेला, की प्रेक्षक टाळ्या कौतुकाने कमी आणि ऊब म्हणून जास्त वाजवत होते. टाळ्यांची तालीमही झाली. आधी साध्या, मग जोरदार, मग 'अरेरे'. बायकोचा 'अरेरे' मला अंधारातूनही ओळखू आला. तिला सवय आहे.

पहिली फेरी बझरची. नियम असा, की प्रश्न चालू असताना दाबला तरी चालतं, पण मग सूत्रसंचालक तिथेच थांबणार आणि तेवढ्यावरच उत्तर द्यायचं. चुकलं की गुण वजा. माझ्या एका बाजूला एक कॉलेजची मुलगी होती, जिच्या बोटांवर मोबाईलने घेतलेले संस्कार दिसत होते. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त काका, ज्यांना जगातली प्रत्येक राजधानी येत होती, पण बझर दाबायच्या आधी ते चष्मा नीट करायचे.

"सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह..." सूत्रसंचालकांनी सुरुवात केली.

मी हाणला! दिवा माझा लागला. "गुरू!"

सूत्रसंचालक प्रेमाने हसले. पुढचा सगळा प्रश्न त्यांनी सावकाश वाचून दाखवला. "सर्वांत मोठा ग्रह गुरू, तर सर्वांत लहान ग्रह कोणता?"

तर! मराठीत इतका कपटी शब्द दुसरा नाही. माणूस आयुष्यभर 'जर'ला घाबरतो, आणि दगा देतो तो 'तर'. वजा दहा. पलीकडच्या मुलीने 'बुध' म्हणून माझ्या डोळ्यांदेखत गुण उचलले. पुढच्या प्रश्नाला मी 'तर'ची वाट बघत बसलो, तो आलाच नाही. तिसऱ्याला प्रश्न संपल्यावर दाबला, तर मुलीचा दिवा आधीच लागलेला. तरी मी दाबतच राहिलो, दहा-बारा वेळा, लिफ्ट येत नसली की दाबतो तसा. मग बझरवरचा हात मी काढूनच घेतला. आणि काय सांगू, बाकीचे दोघं 'तर'च्या खड्ड्यात माझ्याहून खोल गेले, काका वजा तीस आणि चौथा गडी वजा चाळीस, आणि मी वजा दहावर निश्चल उभा राहून दुसरा आलो. टाळ्या वाजल्या. बहुधा दुसऱ्या प्रकारच्या.

दुसरी फेरी खुर्चीतली, पर्यायांची. मी बसलो. चौथ्या बटणाने श्वास घेतला. सूत्रसंचालकांनी हातातलं कार्ड बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आज आपल्यासमोर बसलेत ते असे गृहस्थ, ज्यांनी मृत्यूला अगदी जवळून पाहिलंय." मी सहानुभूतीने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. "बंद लिफ्ट! अंधार! एकेक श्वासासाठी झुंज! काय वाटलं होतं तेव्हा?" लिफ्टमध्ये दिवा होता, पंखाही चालू होता, आणि मला फक्त ऑफिसला उशीर झाल्याचं वाटलं होतं. पण दिवे माझ्यावर, आणि सगळे गप्प. मी म्हणालो, "घरच्यांची आठवण आली." अंधारातून बायको हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

पहिले चार प्रश्न सुटले. पाचवा कझाकस्तानचा! पण तो वाचताना सूत्रसंचालकांची जीभ अडखळली आणि तो रद्दच झाला, कारण एकदा कानावर पडलेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही म्हणे. मी म्हटलं, मला चालेल. ते म्हणाले, नियमात बसत नाही. कझाकस्तानने शेवटपर्यंत दावा साधला.

त्याऐवजी आला तो हा. "२०२० मध्ये जाहीर झालेली माउंट एव्हरेस्टची उंची किती? अ, ८,८४८ मीटर. ब, ८,८४८.८६ मीटर..."

माझा हात आपोआप कमरेकडे गेला. पँट! लग्नातली पँट! आणि नेमकं त्या क्षणी प्रेक्षकांतून आवाज आला. "खॉक्."

"...क, ८,८५० मीटर. ड, ८,८४४.४३ मीटर."

या चार आकड्यांत एकही थाप नाही. क म्हणजे १९९९ चं अमेरिकी जीपीएस मोजमाप, ड म्हणजे २००५ मध्ये चीनने मोजलेली नुसत्या खडकाची उंची, बर्फ वगळून. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख आठवत होतं. आयुष्यात इतकं सामान्यज्ञान मला एकाच वेळी कधी आलेलं नाही. उत्तर ब. पण 'ब'ला खोकला झाला होता! गाडीतला तो 'हं' आठवला. मेजर आठवला. मेजरची बायको आठवली. कॅमेऱ्यामागे दोन माणसं माना वळवून प्रेक्षकांत बघत होती. आता मी ब म्हणालो तर मेजर, आणि नाही म्हणालो तर मूर्ख. मला माहीत होतं की मला माहीत आहे, पण हे सिद्ध कसं करणार? पँटचा पुरावा कोण मानणार?

एसीतही कानामागे घाम आला. मी मान ताठ केली. माझ्या घराण्यात खोकल्यावर कोणी मोठं झालेलं नाही.

"क," मी म्हणालो.

"नक्की?"

प्रेक्षकांत कोणीतरी पुन्हा खोकलं. दोनदा. मी तिकडे लक्षच दिलं नाही. "नक्की."

मग तो तिसऱ्या प्रकारचा, तालमीतला 'अरेरे'.

बाहेर पडायच्या आधी त्यांनी मला परत खुर्चीत बसवून नुसते चेहरे टिपले. "सर, आता विचार करा." कशाचा, विचारलं. "कशाचाही." प्रश्न नसताना मी फार सुंदर विचार केला, दोन मिनिटं, तिन्ही कॅमेऱ्यांसाठी. शिवाय करारावर आम्हा दोघांच्याही सह्या होत्या, की प्रसारण होईपर्यंत तिथे घडलेल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तो करार मी इतका पाळला की ऑफिसात माझ्या गप्प राहण्याचीच रक्कम ठरू लागली, आणि एका लांबच्या चुलतभावाने तर गुपचूप फोन करून उसने मागितले.

अडीच महिन्यांनी कार्यक्रम लागला. घर भरलेलं. मी सोफ्यावर, नेहमीच्या जागी. प्रश्न आला, पर्याय आले. खोकला आलाच नाही! त्यांनी तो कापला होता. पडद्यावर फक्त एवढंच दिसलं की 'ब' ऐकून माझा चेहरा उजळतो, मी स्वतःच्या कमरेला हात लावतो, मग तो उधारीचा सुंदर विचार करतो, आणि काही कारण नसताना ठासून 'क' म्हणतो. माझ्या आयुष्यातला एकमेव बाणेदारपणा कुठल्यातरी एडिटरच्या कचऱ्याच्या डब्यात गेला होता.

"बाबा, तू कमरेला हात का लावलास?" लेकीने विचारलं.

"कुठनं धरून आणतात..." पुतण्या पुटपुटला, आणि माझ्याकडे बघून थांबला.

मी बायकोकडे वळलो. "तू खोकली नसतीस ना, तर..."

"मी?" ती म्हणाली. "'ब'ला शेजारच्या बाई खोकल्या. कसली थंडी होती तिथे. मी खोकले ती तुम्ही 'क' म्हणालात तेव्हा. चांगली दोनदा."

"मग हे अडीच महिने बोलली का नाहीस?"

"करारावर सही केली होती," ती म्हणाली.