‘सर्व स्वीकारा’ आणि निवांत झोपा

ॲपच्या, वेबसाइटच्या अटी-शर्ती वाचत बसू नका. ज्या वकिलांनी त्या लिहिल्या त्यांचीही तशी अपेक्षा नाही. वाचून त्यांचा विरस कशाला करायचा? ‘सर्व स्वीकारा’ हे बटण कसं ठसठशीत, रंगीत, बरोबर अंगठ्याखाली असतं. नकाराचं बटण करड्या अक्षरांत, सेटिंगच्या पोटात कुठेतरी. कुणी एवढी सोय करून ठेवली असेल तर तिचा मान राखावा.

परवानग्या मागितल्या की देऊन टाका. टॉर्चच्या ॲपला आपलं लोकेशन कशाला हवं, असले कोते प्रश्न विचारू नयेत. अंधार नेमका कुठे पडलाय हे त्या बिचाऱ्याला कळायला नको? ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं एक फुकट ॲप होतं, कोट्यवधी फोनांत शिरलेलं. ते लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना पोचवायचं. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१३ साली त्याला धरलं, तेव्हा तक्रारीत एक झकास तपशील होता: तुम्ही ‘स्वीकारा’ दाबा की ‘नाकारा’, माहिती त्याआधीच रवाना झालेली असायची. तुमचे कष्ट वाचवणं म्हणतात ते हेच.

कुणी शंकेखोर भेटला तर सांगा, माहिती निनावी असते. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलं, ते अभ्यासकांसाठी खुलं केलं. नावं काढून, प्रत्येकाला नुसता नंबर देऊन. थोड्याच दिवसांत पत्रकार एका नंबराच्या घरी जाऊन पोचले. शोधांच्या चौकटीत माणूस स्वतःचं गाव, आडनाव, दुखणी सगळंच टाकतो. नाव तेवढं लिहायचं राहतं.

तरीही धास्ती वाटलीच, तर ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे गुप्त, खिडकी उघडा. हॅट-चष्मा घातलेलं चित्र पाहूनच धीर येतो. तुमची हिस्टरी घरच्यांना दिसत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि समोरची वेबसाइट यांना दिसतं, पण ती काय, परकी थोडीच आहेत! याच खिडकीवरून गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन कंपनीने अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. गुप्त खिडकीतल्या नोंदी, बरं का.

जाता जाता, २०१६ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांचा एक फोटो गाजला. मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आणि माइकवर चिकटपट्टी लावलेली दिसत होती. असते एकेकाला सवय. तुम्ही मनावर घेऊ नका.