युरोपची राणी तीन हजार वर्षांची नाही

आठ दिवस झाले, आमच्या पेठेतल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सोबत चित्र आहे: मुकुट घातलेली, हातात राजदंड धरलेली बाई, आणि तिचं अंग म्हणजेच युरोपचा नकाशा. खाली मजकूर असा: 'ही तीन हजार वर्षांपूर्वीची युरोपा देवी. एक खंड, एक चेहरा. झेंड्यावरचे बारा तारे म्हणजे मूळचे बारा देश. त्या चेहऱ्यात बाहेरच्याला जागा नाही, म्हणून ते टिकले, आपण विखुरलो.' चांगल्या शिकलेल्या माणसांनीही त्याला अंगठे दिलेत, म्हणून लिहितोय.

आधी चित्राचं वय. योहानेस पुत्श यानं ते १५३७ मध्ये काढलं, पुढं म्युन्स्टरच्या 'कॉस्मोग्राफिया' या भूगोलाच्या ग्रंथामुळे सगळीकडं पसरलं. म्हणजे पाचशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आता ते मोबाइलवर मोठं करून बघा. नकाशा फिरवून पश्चिम वर घेतलीय. त्यामुळं डोकं आलं स्पेनचं, आणि मुकुट अर्थातच डोक्यावर. स्पेनच्या गादीवर तेव्हा हॅप्सबर्ग घराण्याचा पाचवा चार्ल्स होता. बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग, काळजाच्या जागी. तिथं राजा चार्ल्सचा सख्खा भाऊ, आणि पुत्श त्या भावाच्याच पदरी. इटली हा उजवा हात, मुठीत सिसिलीचा गोळा. आणि ज्या ग्रीकांकडून 'युरोप' हे नाव आलं, त्यांचा देश? खाली, झग्याच्या घोळात. पश्चिम वर घेतली की ग्रीस आपोआप खाली जाणार, हे खरं. पण पश्चिम वर घ्यायची हे ठरवलं कुणी? दरबारी चित्रकार मालकाचं नाक सरळच काढतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरं, ती देवी नव्हे. ग्रीक कथेतली युरोपा ही टायरची राजकन्या, आणि टायर आजच्या लेबनॉनमध्ये, म्हणजे आशियात. ग्रीकांचा देवराज झ्यूस बैलाचं रूप घेतो आणि तिला पाठीवर बसवून क्रीट बेटावर पळवून नेतो. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावर हाच प्रसंग आहे. २०१३ पासून निघालेल्या युरोच्या नव्या नोटा उजेडात धरल्या की वॉटरमार्कमध्ये हीच मुलगी दिसते. ज्या चेहऱ्यात बाहेरच्याला जागा नाही म्हणता, तो चेहराच मुळात बाहेरचा.

ताऱ्यांचं एका ओळीत संपतं: तो झेंडा १९५५ साली कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेनं घेतला तेव्हा तिचे सभासद बारापेक्षा जास्त होते, बारा हा पूर्णतेचा आकडा म्हणून निवडला.

'एक चेहरा' म्हणाल तर त्याच नोटांवरचे पूल बघा. रॉबर्ट कालिना या चित्रकारानं ते मुद्दाम कल्पनेतले काढले, कारण एका देशाचा खरा पूल घेतला असता तर बाकीचे रुसले असते. पुढं नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावानं ते पूल खरोखर बांधून टाकले. आधी चित्र, मग पूल!

राहिला बाहेरच्यांचा मुद्दा. आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्राँझची एक छोटीशी मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. सापडली कुठं, तर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेकाठी. त्यांचा देव दोन हजार वर्षांमागं आपल्याकडं आला होता, आणि आपला राजा त्यांच्याकडं आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला. तिथं आज छत्री उभी आहे, तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला फेटा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्यानं आपला नवा राजवाडा आणि हा टाऊन हॉलही आखला.

छत्रीजवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सची माणसं त्यांच्यावरूनच नाव देऊन बसलीत. फक्त त्यात ना राजाराम, ना कोल्हापूर. पुलाचं नाव 'पोंते अल्लिंदियानो', इंडियनचा पूल.