आपल्याच नावाची बोली लावा

हापूसची वेबसाइट काढलीत, अभिनंदन. फोटोतला आंबा तुमच्याच बागेतला आहे, पेटीचा भाव वरच लिहिलाय आणि फोन लावला तर तुम्ही स्वतः उचलता. या चुका आपण सावकाश दुरुस्त करू.

आधी मजकूर. गिऱ्हाइकाला भाव हवा असतो, पण तो पहिल्याच ओळीत सांगून टाकलात तर सर्चमध्ये वर यायचं कसं? ‘आंबा म्हणजे काय’ इथून सुरुवात करा. मग आंब्याचा इतिहास, आंब्याचे फायदे, मधुमेहींनी आंबा खावा का, आणि मधूनमधून ‘रत्नागिरी हापूस आंबा ऑनलाइन पुणे’ हे पाच शब्द, व्याकरणाची फिकीर न करता. भाव अगदी तळाशी. अशा शब्दपेरणीला गूगल शिक्षा करतं, असं पुतण्या म्हणेल. म्हणू दे. त्याला सांगून चार लिंकाही विकत घ्या, कारण दुसऱ्या साइट्स तुमच्याकडे बोट दाखवतात तेव्हा गूगल तुम्हाला वर चढवतं. जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीच्या लिंका कितीतरी भलत्यासलत्या साइट्सवर पेरलेल्या होत्या आणि 2010 च्या नाताळात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत काहीही शोधलं की तीच वर दिसायची. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं, तेव्हा गूगलने तिला खाली ढकललं. पण नाताळ तर निघाला ना! आपलाही हंगाम असून असून किती असतो?

समजा, आलात पहिले. तरीही दिसणार नाही, कारण तुमच्या डोक्यावर चार जाहिराती बसलेल्या असतील. 2016 मध्ये गूगलने संगणकावरची उजव्या कडेची जाहिरातपट्टी काढली आणि वर चार-चार जाहिराती लावायला सुरुवात केली. पूर्वी जाहिरातींमागे वेगळा फिकट रंग असे. नंतर तो रंग गेला आणि ‘प्रायोजित’ एवढी खूण उरली. शिवाय 2024 पासून वर एआयने रचलेलं आयतं उत्तर येऊ लागलंय. तुमचा तो आंब्याच्या फायद्यांचा लेख त्यानं वाचलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाचावा लागत नाही.

गूगलचे संस्थापक सेर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 च्या आपल्या शोधनिबंधात लिहिलं होतं, की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन शोधणाऱ्यापेक्षा जाहिरातदाराकडेच झुकणार. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांनीच जाहिराती विकण्यासाठी अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं. स्वतःचं भाकीत स्वतःच खरं करणारे विद्वान विरळाच.

तेव्हा जाहिरात द्याच. प्रत्येक शोधाला लिलाव होतो. तुमची बोली, जाहिरातीचा दर्जा असं बरंच काही मोजून जागा ठरते. पैसे क्लिकचे. आंबा घेतला का, हा तुमचा प्रश्न. वाशीच्या बाजारात रुमालाखाली हात घालून भाव ठरायचा, तेव्हा आपण दलालाच्या नावानं बोटं मोडायचो. इथं रुमालही त्यांचा आणि त्याखालची सगळी बोटंही त्यांचीच. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्याच अधिकाऱ्यानं साक्ष दिली, की जाहिरातींचे दर कधीकधी 5 टक्क्यांनी वाढवले जातात आणि जाहिरातदारांना ते सांगितलं जात नाही. उगाच मनस्ताप कशाला द्यायचा!

सेटिंगना हात लावू नका. तुम्ही ‘पुणे’ निवडलंत की पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्यात ‘रस असलेल्यांना’ही जाहिरात दिसते. कोणी पाटण्यात बसून पुण्यातली कॉलेजं शोधत असेल, तर त्यालाही आंबा आठवायला काय हरकत आहे? मधूनमधून बजेट वाढवायची शिफारस येईल. ती मानलीत की गूगलने तुमच्या खात्याला दिलेले गुण वाढतात. (नाकारलीत तरी वाढतात, पण हे कोणाला सांगू नका.)

आता मुख्य गोष्ट. तुमच्या बागेचं नाव वडिलांच्या काळापासून चालत आलंय ना? त्या नावावर बोली लावा. नाही लावलीत तर शेजारचा लावेल, आणि तुमचं नाव टाइप करणाऱ्याला आधी त्याचा आंबा दिसेल. कोर्टात जायचं म्हणता? अगरवाल पॅकर्स या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं, की दुसऱ्याचं नाव कीवर्ड (म्हणजे ज्या शब्दावर जाहिरात दाखवायची तो) म्हणून वापरलं एवढ्यानंच हक्कभंग होत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल तर गोष्ट वेगळी. गूगल यात नुसतं बघ्याच्या भूमिकेत नाही, असंही कोर्ट म्हणालं. पण कोर्टात दिशाभूल सिद्ध होईपर्यंत तुमच्या कलमांना किती मोहोर येऊन जातील, याचा हिशेब करा आणि मुकाट्यानं बोली लावा.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने 2012 मध्ये एक आगाऊपणा केला. स्वतःच्या नावावरच्या जाहिराती काही काळ बंद करून पाहिल्या. जाहिरातीवर क्लिक करून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. ते ईबेलाच शोधत होते, जातील कुठे? तुम्ही असले प्रयोग करू नका. महिनाअखेरीला तुमच्या जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीचा रंगीत अहवाल येईल, त्यात सर्वांत जास्त विक्री करून देणारा कीवर्ड तुमचं नावच असेल. एजन्सीचे आभार माना आणि त्याचं बजेट दुप्पट करा.

जूनमध्ये पाऊस लागेल, आंबा संपेल. मोहीम मात्र चालूच ठेवा. खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत अजून संपलेली नाही.