जर्मन स्थलांतरित ‘गोरे गुलाम’ नव्हते

‘अठराव्या शतकात जर्मनांनाही जहाजांत कोंबून अमेरिकेत नेलं, फिलाडेल्फियात विकलं. मग गुलामगिरीचं दुःख फक्त काळ्यांचंच कसं?’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यातला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

‘जहाजांत कोंबलं.’ हे खरंच आहे. ऱ्हाइन नदीतून रॉटरडॅम, तिथून इंग्लंडचं बंदर आणि मग अटलांटिक असा तो प्रवास. १७५० मध्ये फिलाडेल्फियाला उतरलेल्या गॉटलीब मिटेलबर्गर या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलंय: झोपायला माणशी जेमतेम दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब जागा, गरम जेवण आठवड्यातून तीनदा, पाणी काळं आणि अळ्यांनी भरलेलं. त्याच्या जहाजावरची ३२ मुलं दगावली. त्यांना समुद्रात सोडावं लागलं. वाचताना पोटात कालवतं. मात्र आपल्या देशबांधवांनी या वाटेला जाऊ नये, म्हणून त्याने हे लिहिलं होतं. जहाजांच्या नोंदी तपासल्यावर अशा प्रवासातले मृत्यू सरासरी चार टक्क्यांच्या आसपास भरतात. लहान मुलांमध्ये मात्र बरेच जास्त. आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. म्हणजे दर सातांतला एक वाटेतच गेला. शिवाय ती बेड्या घालून नेली होती. जर्मन कुटुंबं दलालांच्या थापांना भुलली असतील, पण घरून निघाली होती ती आपल्या पायांनी.

‘विकलं.’ विकली गेली ती त्यांच्या मेहनतीची काही वर्षं. प्रवासाचं भाडं थकलं असेल तर गिऱ्हाईक जहाजावर येऊन ते भरायचं आणि बदल्यात चाकरीचा सौदा करायचं. प्रौढांच्या वाट्याला बहुधा तीन ते सहा वर्षांची चाकरी यायची. पैसे असलेले किंवा नातेवाइकांनी सोडवलेले थेट उतरून जात. नियम निर्दयी होते. अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर नवरा वारला, तर बायकोने दोघांचं भाडं फेडायचं. दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना एकविशीपर्यंत राबावं लागे. ही वेठबिगारीच होती, तिला सौम्य नाव द्यायचं कारण नाही. पण करार संपला की माणूस मोकळा व्हायचा, त्याला कपडे मिळायचे, आणि मालकाने छळलं तर कोर्टात जाता यायचं. १७६४ मध्ये फिलाडेल्फियातल्या जर्मनांनी अशा प्रवाशांसाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संरक्षणासाठी कायदा करून घेतला.

गुलाम आईच्या पोटी आलेलं मूल मात्र जन्मतःच मालकाचं. फिलाडेल्फिया ज्यात येतं त्या पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवायचा कायदा केला, त्यातही अशा मुलांना २८ वर्षांपर्यंत राबवायची मुभा होती.

‘मग दुःख फक्त काळ्यांचंच कसं?’ या प्रश्नाचं उत्तर तिथल्या जर्मनांनीच फार आधी देऊन ठेवलं आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन वसाहतीतल्या चौघांनी १६८८ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. त्यांत त्या वसाहतीचा संस्थापक फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस होता. समुद्रात अनोळखी जहाज दिसलं, की तुर्क पकडून गुलाम म्हणून विकतील या भीतीने आपली गाळण उडते, मग आपणच आफ्रिकी माणसांशी तसं कसं वागतो, असा त्यांचा सवाल होता. स्वतः अटलांटिक ओलांडून आलेली ही माणसं त्या दोन प्रवासांतला फरक नेमका ओळखून होती. क्वेकरांच्या सभांनी तो अर्ज एकीकडून दुसरीकडे ढकलला आणि शेवटी बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली ती १७७६ मध्ये.