‘ट्रम्प सहा महिन्यांत जाणार’ हा हिशेब कुठे चुकतो

फोंड्यातल्या आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश दर दोन-तीन महिन्यांनी नवी तारीख घेऊन परत येतो. डोनाल्ड ट्रम्प मुदत पुरी करणार नाहीत, सहा महिन्यांत खुर्ची जाणार, असा त्याचा दावा. कारणंही त्यातच दिलेली असतात. महाभियोगासाठी बहुमत जमत आलंय. लोकप्रियता चाळीस टक्क्यांखाली गेली की कुठलाच अध्यक्ष टिकत नाही. निक्सनचं झालं तेच यांचं होणार, नाही तर मंत्रिमंडळच पंचविसावी घटनादुरुस्ती वापरून त्यांना काढेल. सट्टाबाजाराचा भावही हेच सांगतो. गुरू-शनीची युती तिथल्या अध्यक्षांना भोवतेच. आणि शेवटी, ‘श्रीलंकेत झालं, कोरियात झालं, मग अमेरिकेत का नाही?’

एरवी मी उत्तर लिहायला बसलो नसतो. पण अमेरिकेतल्या एमएसचं प्रवेशपत्र हातात असताना माझ्या भाच्याने हा संदेश वाचून ‘सरकार बदलेपर्यंत थांबतो’ असं घरी सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं, तेव्हापासून मासळी निर्यातीतला आमचा एक शेजारी याच आशेवर दुसऱ्या देशांतले ग्राहक शोधायचं पुढे ढकलत आलाय. माणसं या भाकितावर आपली वर्षं आणि पैसे लावताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो. ट्रम्प तुम्हाला आवडतात की नावडतात, याच्याशी या उत्तराचा संबंध नाही.

बहुमताच्या मुद्द्यात आपली गोव्याची सवय आड येते. इथे विधानसभेत चाळीस आमदार. एकवीस कुठे बसलेत ते मोजलं की सरकार राहणार की पडणार ते कळतं. १९९० साली चर्चिल आलेमांव यांचं मुख्यमंत्रिपद अठरा दिवसांत गेलेलं पाहिलेली आमची पिढी. त्यामुळे ‘बहुमत फिरलं’ ऐकलं की आपल्याला खुर्ची रिकामी दिसू लागते. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र सभागृहाच्या बहुमतावर बसलेला नसतो, त्यामुळे ते गेलं म्हणून तो उठतही नाही. तिथे ४३५ जणांचं प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने महाभियोग मंजूर करतं, पण ते झालं आरोपपत्र. निकाल सिनेट देतं, आणि दोषी ठरवायला तिथे दोन-तृतीयांश, म्हणजे शंभरातली ६७ मतं लागतात.

या पायरीवर आजवर एकही अध्यक्ष पडलेला नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९. बिल क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये ते सुटले. एका आरोपावर ४५ मतं पडली, दुसऱ्यावर ५०. खुद्द ट्रम्प यांच्यावर दोनदा झाला. पहिल्या वेळी, फेब्रुवारी २०२० मध्ये, ४८ आणि ४७ मतं पडली. दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ५७ पडली, आणि तोवर ते पायउतार होऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे ‘महाभियोग होणार’ हे भाकीत दोन्ही वेळा खरं ठरलं आणि ‘म्हणून जाणार’ हे दोन्ही वेळा खोटं. संदेश लिहिणारा या दोन गोष्टी एकच धरतो.

२०२४ च्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या पक्षाचे रिपब्लिकन ५३ आणि समोरची बाजू ४७ अशी स्थिती आली. ६७ गाठायला वीस रिपब्लिकन फुटायला हवेत. अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह विरोधकांकडे गेलं तरी सिनेटच्या जेमतेम एक-तृतीयांश जागांचीच निवडणूक होते, त्यामुळे तेवढ्याने हा आकडा भरत नाही. एकाच पक्षाकडे सिनेटच्या दोन-तृतीयांश जागा असल्याला साठ वर्षं होत आली. तशी शेवटची सिनेट १९६५ ते १९६७ ची.

दोन-तृतीयांश आपल्याला नवं नाही. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. सातच गेले असते तर अपात्रतेची टांगती तलवार राहिली असती, म्हणून आठ. त्याच वर्षी जानेवारीत पक्षाने उमेदवारांना देऊळ, खुरीस (क्रॉस) आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन न फुटण्याची शपथ दिली होती, तरीही. मग गावातल्या नाक्यावर प्रश्न येतो, ‘इथे आठ फुटतात तर तिथे वीस का नाही फुटणार?’ कारण इथे फुटणाऱ्याला काही मिळतं, तिथे फुटणाऱ्याचं असलेलं जातं. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवायच्या बाजूने मत दिलं. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्यांतले दोनच सभागृहात परतले. चौघे उभेच राहिले नाहीत. चौघांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी उमेदवारीच्या फेरीत पाडलं, त्यांत माजी उपाध्यक्षांची मुलगी लिझ चेनीसुद्धा. अध्यक्ष टिकेल की नाही हे पाहायचं तर मी आधी हेच पाहतो: हात वर करणाऱ्याची स्वतःची जागा त्याने वाचते की जाते?

लोकप्रियतेबद्दल फार लिहायची गरज नाही. हॅरी ट्रुमन १९५२ मध्ये गॅलपच्या पाहणीत २२ टक्क्यांवर होते, धाकटे बुश २००८ मध्ये २५ वर. दोघांनी मुदत शेवटच्या दिवसापर्यंत पुरी केली. क्लिंटन यांच्यावर महाभियोग झाला तेव्हा ते ७३ टक्क्यांवर होते. निक्सन राजीनामा देताना २४ वर होते, म्हणजे ट्रुमनपेक्षा वर.

निक्सनच्या गोष्टीत संदेश फक्त शेवट सांगतो. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी १७ जून १९७२ ची. त्यानंतर पाच महिन्यांनी निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले. १९७३ च्या उन्हाळ्यात सिनेट समितीची सुनावणी घराघरांत टीव्हीवर दिसली आणि अध्यक्षांच्या कार्यालयात संभाषणं टेप होतात हे जुलैत उघड झालं. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांची लोकप्रियता तिशीखाली गेली. तरी ते होते. दोन्ही सभागृहांत विरोधकांचं बहुमत होतं. तरी ते होते. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी टेप द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला त्यांतली एक टेप लोकांसमोर आली, आणि तपास थांबवायची सूचना निक्सन यांच्याच आवाजात निघाली. ७ ऑगस्टला त्यांच्याच पक्षाचे तीन नेते भेटून सांगून आले की सिनेटमध्ये वाचवणारी मतं उरलेली नाहीत. वाचायला फक्त ३४ पुरेशी होती. ९ ऑगस्टला ते गेले.

घुसखोरीपासून राजीनाम्यापर्यंत जवळजवळ सव्वीस महिने लागले. त्यातले पंचवीस महिने ‘आता जाणार’ म्हणणारे चुकत होते आणि शेवटच्या आठवड्यात सगळे बरोबर ठरले. ते घडलं ते स्वतःच्या पक्षाने हात काढल्यावर, आणि पक्षाने हात काढला तो ज्याला दुसरा अर्थच लावता येणार नाही असा पुरावा समोर आल्यावर. ‘निक्सनसारखं होणार’ म्हणणाऱ्याने ती टेप कोणती, आणि कोणते तीन नेते भेटायला जाणार, हे सांगायला हवं.

पंचविसाव्या दुरुस्तीचा मार्ग याहून अवघड आहे. उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत यांनी अध्यक्ष काम करायला असमर्थ आहे असं लिहून द्यायचं. अध्यक्षाने ‘मी ठीक आहे’ म्हटलं आणि ते आपल्या म्हणण्यावर अडून राहिले, तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश लागतात. महाभियोगाला ते एकाच सभागृहात लागतात. १९६७ पासून ही दुरुस्ती आहे आणि तिचं हे चौथं कलम एकदाही वापरलं गेलेलं नाही.

सट्टाबाजाराला मी खोटं म्हणणार नाही. पैसा लावणारा माणूस काहीतरी विचार करून लावतो. पण भाव वाचायला शिकावं लागतं. रुपयाला वीस पैसे भाव म्हणजे पाचातला एक संभव, म्हणजे पाचातले चार ‘राहणार’ या बाजूला. संदेशात हा भाव ‘जाणार’चा पुरावा म्हणून येतो. शिवाय ‘राहणार’वर पैज लावून, जिंकून पाच पैसे मिळायला रक्कम तीन वर्षं अडकवून ठेवायला कोणी धजत नाही, त्यामुळे दूरच्या तारखेच्या अशक्य गोष्टीलाही थोडा भाव उरतो. आणि पैज नेमकी कशावर आहे? आपण देवळात कौल लावतो तेव्हा प्रश्न आधी बांधून घेतो, मग उजवी पाकळी की डावी ते पाहतो. ‘महाभियोग मंजूर होईल का’, ‘राजीनामा देईल का’, ‘अमुक तारखेच्या आत कोणत्याही कारणाने पद सुटेल का’ हे तीन वेगळे कौल आहेत. पहिल्याची पाकळी दाखवून तिसऱ्याचं उत्तर देता येत नाही.

गुरू-शनीचं बोलायचं तर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याच नियमाने तपासू. साधारण वीस वर्षांनी ही युती येते, आणि १८४०, १८६०, १८८०, १९००, १९२०, १९४०, १९६० या साली निवडून आलेले सातही अध्यक्ष पदावर असताना वारले, हे खरं. पण लिंकन आणि रूझवेल्ट त्या सालची मुदत पुरी करून, पुन्हा निवडून येऊन मग गेले. १८५० मध्ये पदावर असताना वारलेले अध्यक्ष टेलर या यादीत बसतच नाहीत. १९८० चे रीगन गोळी लागूनही आठ वर्षं राहिले, २००० चे बुश आठ, २०२० चे बायडन चार. ट्रम्प निवडून आले २०१६ आणि २०२४ मध्ये. युती होती डिसेंबर २०२० ला.

राहिले दुसरे देश, आणि हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तिथे अध्यक्ष खरोखर गेले. श्रीलंकेत गोटाबाया राजपक्षे यांच्या पक्षाकडे २०२० च्या निवडणुकीत २२५ पैकी १४५ जागा होत्या. संसदेत आकडा भक्कम असताना परकी चलन संपलं, पेट्रोलला रांगा लागल्या, ९ जुलै २०२२ ला लोक त्यांच्या निवासस्थानात शिरले आणि १४ जुलैला राजीनामा आला. तिथे रिकाम्या तिजोरीने आणि रस्त्याने घालवलं. कोरियात यून सुक-योल यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा लावला. ७ डिसेंबरचा महाभियोग फसला, कारण सत्ताधारी पक्ष सभात्याग करून गेला. १४ तारखेला त्याच पक्षातले काही जण फुटले आणि ३०० पैकी २०४ मतं पडली. पण त्यांना काढलं ते घटना न्यायालयाने, ४ एप्रिल २०२५ ला. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये महाभियोग झालेल्या रोह मू-ह्यून यांना परत खुर्चीवर बसवलं होतं. अमेरिकेत तसं न्यायालय या वाटेवर उभं नाही. आपल्याला ओळखीचं वाटेल ते ब्राझील: अनेक पक्षांची मोट, मित्रपक्षाने हात काढला, ऑगस्ट २०१६ मध्ये सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी दिल्मा रूसेफ यांना काढलं आणि त्याच मित्रपक्षाचे उपाध्यक्ष अध्यक्ष झाले. दोनच पक्षांच्या अमेरिकेत अशी मोट नाही.

माझा अंदाज मुदत पुरी होण्याकडे झुकतो. आजवर ४५ माणसं त्या पदावर बसली. आठ पदावर असताना वारली, त्यातल्या चौघांची हत्या झाली, एकाने राजीनामा दिला, काढलं कोणालाच नाही. ट्रम्प यांचा जन्म जून १९४६ चा, शपथ घेताना सगळ्यात वयस्क अध्यक्ष तेच. अनिश्चितता असलीच तर ती तिथे आहे, आणि तिची तारीख कोणीही देऊ नये.

भाच्याला मी आणखी एक विचारलं. उद्या ते गेलेच, तर येणार कोण? उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स, त्याच पक्षाचे, त्याच तिकिटावर निवडून आलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (तिथे नोकरीसाठी लागणारा व्हिसा) अर्जावर लावलेलं एक लाख डॉलरचं शुल्क माणूस बदलला म्हणून आपोआप उतरत नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. गेल्या आठवड्यात त्याने व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतली. कर्जाचे हप्ते त्याने नव्याने मांडलेत, २० जानेवारी २०२९ च्या आत तिथल्या धोरणात काहीच बदलणार नाही असं धरून, आणि शिक्षण संपल्यावर परत यावं लागलं तर इथल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या पगारात ते फिटतील का, हेही त्यात लिहिलंय.